बाजूच्या सीटवरच्या बाई

लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघं एकदाच भेटलो, पुण्यात कर्वे रोडवरच्या एका कॉफीच्या दुकानात. त्याने मला तीन प्रश्न विचारले. मेलबर्नची हवा चालेल का, स्वयंपाक दोघांनी मिळून केला तर चालेल का आणि फुटबॉल आवडतो का. मी तिन्हींना हो म्हटलं. मेलबर्नची हवा मला अजून चाललेली नाही. स्वयंपाक बऱ्यापैकी मिळून होतो. फुटबॉलच्या बाबतीत मात्र माझी चक्क फसवणूक झाली.

मला वाटलं, चार वर्षांतून एकदा वर्ल्ड कप असतो तो फुटबॉल. महिनाभर सगळे निळेपिवळे शर्ट घालून ओरडतात आणि मग संपतं. लग्नानंतर पहिल्याच जून महिन्यात कळलं की तो फुटबॉल हा नव्हे. हा कॅनडातला फुटबॉल. तो लांबट चेंडूचा असतो, खेळाडू खांद्यांवर उशा बांधल्यासारखे दिसतात आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला एक मॅच असते. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ झाली की आमच्या वेरिबीत, मेलबर्नच्या या उपनगरात, शनिवारी सकाळचे अकरा वाजतात. म्हणजे भाजी आणायची, कपडे वाळत घालायचे आणि घर आवरायचं, नेमकी ती वेळ. हा निव्वळ योगायोग आहे असं तो गेली कित्येक वर्षं शपथेवर सांगतो.

लग्नाआधी माझा नवरा सात वर्षं कॅनडातल्या एका गावात होता. आधी पीएचडी, मग थोडी नोकरी. गाव पोळपाटासारखं सपाट, चहूबाजूंनी गव्हाची शेतं आणि मधोमध एक स्टेडियम. त्या गावाच्या टीमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर हा लेख वाचण्याऐवजी तो फक्त त्या नावाचं शुद्धलेखन तपासेल. ते स्टेडियम मी कधी पाहिलेलं नाही, पण पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याइतकं मला ते पाठ आहे. पश्चिमेकडची बाजू, खालून तेरावी रांग, अ‍ॅल्युमिनियमचे बाक, वर छप्पर नाही आणि उत्तरेकडून येणारा वारा थेट कानात. काही वर्षांपूर्वी ते जुनं स्टेडियम पाडून गावाबाहेर नवीन बांधलं. ते पाडतानाचा व्हिडिओ बघायला नवऱ्याने ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. बॉसने काळजीने विचारलं, "घरचं कुणी?" हा म्हणाला, "तसंच म्हणायचं." बॉस म्हणाला, "नो वरीज मेट, टेक केअर." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सांत्वनाचं कार्ड आलं. ते त्याने जपून ठेवलंय. त्याची त्याला जराही लाज वाटत नाही.

आता मेलबर्नमध्ये राहायचं तर प्रत्येकाला एक टीम असावी लागते. इथली फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल, वेगळी, मैदान वेगळं, पण धर्म तोच. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. ब्लड प्रेशर मोजताना पेशंट विचारतात, "हू डू यू बॅरॅक फॉर, डॉक?" मी पहिल्याच महिन्यात शांततेसाठी जवळच्या एका टीमचं नाव पाठ करून टाकलं. नवऱ्याने तसं केलं नाही. तो प्रत्येकाला त्या सपाट गावाच्या टीमचं नाव सांगतो, मग समोरचा म्हणतो, "ओह, अमेरिकन फुटबॉल?" आणि मग आम्हाला घरी यायला उशीर होतो. कारण मग तो समजावून सांगतो की अमेरिकेत पुढे सरकायला चार संधी मिळतात आणि कॅनडात तीनच, अमेरिकेत अकरा खेळाडू आणि कॅनडात बारा, शिवाय मैदानही जास्त लांब-रुंद. गणपतीला आमच्याकडे जमलेल्या एका मित्राने हे सगळं ऐकून घेतलं, मोदक संपवला आणि म्हणाला, "म्हणजे अमेरिकनच, पण थंडीतला." त्या मित्राला पुढच्या वर्षीचं आमंत्रण मीच गुपचूप पाठवलं.

फुटीमध्ये नवऱ्याला एकच गोष्ट मनापासून आवडली. चेंडू मधल्या दोन खांबांतून न जाता जरा बाजूने गेला तरी इथे एक गुण देतात. कॅनडातही असं काहीसं आहे. लाथ हुकली आणि चेंडू पलीकडच्या पट्ट्यात गेला, पण समोरच्याला तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर हुकवणाऱ्याला एक गुण. ऑफिसातले लोक पहिल्यांदा त्याला मॅचला घेऊन गेले तेव्हा एका खेळाडूची किक चुकली, पाटीवर एक गुण चढला आणि आख्ख्या स्टँडमध्ये हा एकटा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. घरी येऊन म्हणाला, "जगात दोनच देश आहेत जिथे चुकणाऱ्याचीही कदर होते. मी दोन्हीकडे राहिलो." मी म्हटलं, "म्हणून तर तुझं इतकं बरं चाललंय."

पण या सगळ्या कहाण्यांत टीमपेक्षाही जास्त वेळा एक बाई येते. बाजूच्या सीटवरच्या बाई. नवरा त्या गावात पोचला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि भाड्याची खोली शोधत होता. कपडे धुवायच्या दुकानात एक बोर्ड होता, त्यावर खोल्यांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या असायच्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: सीट रिकामी आहे, समोरचं दृश्य उत्तम, शेजारीण शांत. याला वाटलं, शेअरिंगमधली खोली असणार. त्याने फोन लावला. तिकडून एका वयस्कर बाईचा आवाज आला. याने विचारलं, "खिडकी आहे का?"

"खिडकी नाही," बाई म्हणाल्या, "छप्परही नाही."

"हीटिंग?"

"अजिबात नाही."

"बाथरूम तरी?"

"आहे. पण हाफटाइमला रांग असते."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्यांच्या नवऱ्याने वर्षानुवर्षं स्टेडियममध्ये दोन सीट राखून ठेवल्या होत्या आणि तो त्या वसंतात वारला होता. दुसरी सीट त्यांना द्यायची होती, तीही फुकट, पण एका अटीवर. घेणाऱ्याने प्रत्येक मॅचला यायचं, पाऊस असो, बर्फ असो. सीट रिकामी राहता कामा नये. खोली काही मिळाली नव्हती, पण बाईंचा आवाज ऐकून याला नाही म्हणवेना. त्याने शब्द दिला आणि एखादी सुट्टी सोडली तर पुढची सहा वर्षं पाळला.

घरात या बाईंचं नाव 'सीटबाई' पडलं. आमची मुलगी, ती आता तेरा वर्षांची आहे, त्यांना सीट आँटी म्हणते. सीटबाईंनी याला खेळ शिकवला. पायांखाली पुठ्ठा ठेवायचा म्हणजे सिमेंटचा गारठा वर चढत नाही, हेही शिकवलं. त्याची आई पुण्याहून पातळ पोह्यांचा चिवडा पाठवायची, तो दोघं मिळून खायचे. या कहाण्यांचा कळस म्हणजे हिमवादळातली मॅच. तापमान उणे वीसच्या खाली, मैदानावरच्या रेषा दिसेनात, आजूबाजूच्या रांगा हळूहळू रिकाम्या झाल्या आणि तेराव्या रांगेत ही दोघंच शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मलाच सर्दी होते. तेव्हा सासूबाईंनीही ती फोनवर ऐकली होती. त्यांनी विचारलं होतं, "तू खेळत होतास का?" "नाही आई, बघत होतो." "मग घरी बसून बघायला काय झालं होतं?"

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये सीटबाईंची ईमेल आली. त्यांची नात लग्न होऊन जिलाँगला राहते, म्हणजे आमच्याकडून गाडीने पाऊण तासावर. तिला बाळ झालं होतं आणि पणजीबाई ते बघायला दोन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "शनिवारी मॅच आहे. मी तुमच्या घरी येऊन बघितली तर चालेल का?"

पुढचे चार दिवस आमच्या घरात लगीनघाई होती. लग्नाच्या वेळी या माणसाने साधा कुर्ता इस्त्री केला नव्हता, त्याने आता पडदे धुतले. सोफ्याची जागा तीनदा बदलली, कारण टीव्ही बघताना बाईंना स्टेडियममधल्यासारखाच कोन मिळायला हवा होता. टीमची जुनी जर्सी काढून धुतली आणि ती आता पोटावर बसत नाही हे कळल्यावर घडी घालून परत कपाटात ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, "चिवडा करायला हवा."

"अरे, इथे मिळतो पाकिटात. दोन चौक सोडून."

"त्यांना आईच्या हातचा आवडायचा. निदान घरचा तरी."

मी दिवसभर पेशंट बघून आले होते. तरी चिवडा केला, कारण मलाही आता त्या बाईंना बघायचंच होतं. इतकी वर्षं ज्या बाईच्या शेजारी माझा नवरा मनाने बसलेला असतो, ती दिसते तरी कशी, ही उत्सुकता कुठल्याही बायकोला असणारच.

शनिवारी साडेदहाला नातीची गाडी दारात थांबली. नवरा फाटकापाशी अर्ध्या तासापासून उभा होता. गाडीतून आधी बाळाची बास्केट आली, मग नात, मग एक काठी आणि मग एक लहानखुरी म्हातारी. डोक्यावर टीमच्या रंगाची लोकरी टोपी, मेलबर्नच्या वसंतात. मला वाटलं होतं, दोघं मिठ्या मारतील, रडतील. तिने याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "जाड झालास."

"तुम्ही बारीक झालात," हा म्हणाला.

"मला कारण आहे. मी ऐंशीची आहे."

मग दोघंही हसले आणि तिने त्याचा हात धरला तो सोफ्यापर्यंत सोडला नाही.

मॅच सुरू झाली. पहिली दहा-पंधरा मिनिटं नवऱ्याची छाती अभिमानाने फुगलेली होती. मग आमच्या इंटरनेटने दगा दिला. आमचा एक खेळाडू चेंडू घेऊन धावायला लागला, पाय हवेत असतानाच थिजला आणि त्याच्या पोटावर ते गोल चक्र फिरायला लागलं. नवरा रिमोट, फोन, राउटर सगळं दाबत सुटला. शेवटी गॅरेजमध्ये जाऊन मेन स्विचपाशी काहीतरी करायला लागला.

खोलीत आम्ही बायकाच उरलो. बाळ झोपलेलं, नात चहा घेतेय, माझी मुलगी कोपऱ्यात फोनमध्ये. सीटबाईंनी चिवड्याची वाटी हातात घेतली, एक शेंगदाणा उचलला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुला एक सांगू? त्याला सांगू नकोस. पहिल्या वर्षी हा मला इतका तिखट लागायचा की मी हातमोज्यात लपवायचे आणि घरी जाऊन चिमण्यांना घालायचे."

"आणि चिमण्या?"

"रोज यायला लागल्या. तेव्हा मला वाटलं, आपणही एकदा नीट खाऊन बघावं." त्यांनी मूठभर तोंडात टाकला. "दुसऱ्या वर्षी चिमण्यांना काही मिळालं नाही."

मी हसले. त्यांना बोलतं करायला म्हणून म्हटलं, "तो सारखा सांगतो, तुमच्याइतकं खेळावर प्रेम करणारं माणूस त्याने पाहिलेलं नाही."

बाईंनी वाटी खाली ठेवली. "मी? माझ्या नवऱ्याचं प्रेम होतं. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून विणकाम केलं. तो गेला तेव्हा मला दोन्ही सीट सोडून द्यायच्या होत्या. मुलगी म्हणाली, आई, एकदम सगळं सोडू नकोस, एक वर्ष जा. म्हणून ती चिठ्ठी लावली. कुणी येणार नाही असंच वाटलं होतं. आणि मग हा आला. पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल, आणि दर मिनिटाला एक प्रश्न. हा चेंडू का फेकला, तो माणूस का पडला, शिट्टी का वाजली. मला कुठे काय येत होतं? तीस वर्षं मी विणत होते! दर आठवड्याला लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणून रात्री वाचायचे, जशी शाळेत दुसऱ्या दिवशीच्या धड्याची तयारी करायचे तशी."

"मग तुम्ही जायचं बंद का नाही केलंत?"

"कशी करणार? अट मीच घातली होती ना, सीट रिकामी राहायला नको. आणि त्याला किती आवडत होतं! प्रत्येक मॅचला माझ्या आधी येऊन बसलेला असायचा. त्या हिमवादळात तर मी तीन तास वाट बघत होते, हा एकदा तरी म्हणेल की चला घरी. पण हा जागचा हलला नाही."

माझं लक्ष दाराकडे गेलं. नवरा गॅरेजमधून परत आला होता, हातात राउटरची वायर, तोंड उघडं.

"मी?" तो म्हणाला. "मी तुमच्यासाठी बसलो होतो. मला पायांची बोटं जाणवत नव्हती. मला वाटलं, बाईंचा नवरा गेलाय, या एकट्या आहेत, शेवटपर्यंत बघायची सवय आहे. मी कसं म्हणू चला?"

"तुला आवडत नव्हतं?"

"पहिल्या वर्षी काहीच कळत नव्हतं. मी खोली शोधत होतो!"

बाळाने तेवढ्यात डोळे उघडले. कोपऱ्यातून आमच्या मुलीने मान वर करून एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेट. सो यू गाइज बोथ हेटेड इट? अँड यू फ्रोज फॉर नथिंग?"

सीटबाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग टोपी कपाळावर घसरली, मग डोळ्यांतून पाणी. नवरा दारातच खाली बसला आणि तोही हसायला लागला. दोघं इतके हसले की नातीने घाबरून आजीला पाणी दिलं. उणे वीसमध्ये दोन शहाणीसुरती माणसं एकमेकांसाठी गारठत तीन तास बसली होती आणि दोघांपैकी एकालाही तिथे असायचं नव्हतं. आमच्या घरातली सगळ्यात मोठी वीरकथा त्या दिवशी अशी वितळली.

हसणं थांबल्यावर मी विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, "मग आवडायला कधी लागलं?"

बाईंनी घसरलेली टोपी सरळ केली. "तिसऱ्या वर्षी हा बहिणीच्या लग्नाला इंडियात गेला. त्याची सीट रिकामी. मी एकटी बसले होते. रेफरीने आमच्याविरुद्ध एक चुकीचा निर्णय दिला आणि एक बाई उठून जोरात ओरडली की तुला डोळे आहेत का. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. तेव्हा कळलं, ती बाई मी होते." त्यांनी चिवड्याची वाटी पुन्हा उचलली. "घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोला सांगितलं, तुझं चुकत नव्हतं."

नवरा म्हणाला, "मला इथे आल्यावर. मेलबर्नमध्ये पहिल्या शनिवारी मला कुठेच जायचं नव्हतं. शब्द संपला होता. तर मी सकाळी उठून शोधत बसलो की मॅच कुठे दिसते."

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की हा माणूस जन्मतःच असा आहे. माझ्या मनात आलं की त्या पहिल्या शनिवारी मेलबर्नच्या भाड्याच्या खोलीत हा एकटाच एका लांबच्या मैदानाचा हलणारा पडदा बघत बसला असेल, आणि मी पुण्यात अजून त्याला ओळखतही नव्हते. मी त्याला चहा दिला. साखर जरा जास्त घातली. त्याने ते ओळखलं आणि कप तळापर्यंत रिकामा केला.

पण त्याचा तो हळवा क्षण फार टिकला नाही. त्याने बाईंना विचारलं, "मी गेल्यावर ती सीट तुम्ही तशीच रिकामी ठेवलीत ना?" त्या आवाजात जरा आशा होती.

"रिकामी?" बाई म्हणाल्या. "अट काय होती? तुझ्यानंतर चार जण झाले. एक घानाचा मुलगा, तो दोन वर्षं. मग एक चिनी जोडपं आलटून पालटून. आणि नव्या स्टेडियममध्ये आता मनिलाची एक नर्स आहे. ती तुझ्यापेक्षा जास्त ओरडते. जेवणही चांगलं आणते."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं तो स्वतःला त्या सीटचा अखेरचा वारस समजत होता. माझ्या मुलीने त्याच्या पाठीवर थोपटलं. "इट्स ओके बाबा. यू वर द फर्स्ट."

"पहिला तूच," बाईही म्हणाल्या. "आणि कापडी बूट घालून आलेला फक्त तूच." मग त्याचं तोंड जरा सरळ झालं.

तोवर टीव्ही आपोआप सुरू झाला होता. मधला अख्खा एक भाग निघून गेला होता आणि आमची टीम मागे पडली होती. उरलेली मॅच आम्ही सगळ्यांनी बघितली. मीही पहिल्यांदाच कपडे वाळत न घालता पूर्ण बघितली. बाई मध्ये मध्ये मला नियम समजावून सांगत होत्या, आणि नवऱ्याने इतकी वर्षं सांगूनही जे मला कळलं नव्हतं ते त्यांच्या दोन वाक्यांत कळत होतं. शाळामास्तरीण ती शाळामास्तरीण. शेवटी आम्ही एका गुणाने हरलो, तोही समोरच्या टीमने किक हुकवून मिळवलेला गुण. नवऱ्याने चुकणाऱ्यांच्या कदरीबद्दल त्या दिवशी एक अक्षर काढलं नाही. आता म्हणे कॅनडात हा नियम थोडा आवळणार आहेत. ती बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे सुतकच होतं, आणि मी निर्दयपणे पुरणपोळी केली होती.

जेवून चार वाजता त्या निघाल्या. जाताना बाईंनी उरलेला चिवडा डब्यात मागून घेतला. गाडीत बसण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, "तो फार बोलतो, नाही?" मी म्हटलं, "फारच." "मला सहा वर्षं तेच हवं होतं," त्या म्हणाल्या. "घर फार शांत झालं होतं तेव्हा." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत नवरा हात हलवत रस्त्यात उभा होता आणि मागून यूट, म्हणजे छोटी पिकअप, घेऊन येणारा एक मुलगा त्याला घाई न करता थांबून राहिला होता.

त्या कॅनडाला परत गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या कमरेने साथ सोडली, त्यामुळे नव्या स्टेडियमच्या पायऱ्या त्यांना जमेनात. दोन्ही सीट आता ती नर्स आणि तिची बहीण सांभाळतात. बाई घरी टीव्हीवर बघतात आणि नवरा इथे. दोघांनी ठरवलं की मॅच चालू असताना फोन चालू ठेवायचा. कल्पना छान होती. पण त्यांच्या टीव्हीवर जे दिसतं ते आमच्या इंटरनेटवर यायला तीस-चाळीस सेकंद लागतात. म्हणजे आमचा खेळाडू अजून चेंडू हातात घेऊन उभा असतो तोवर फोनमधून बाई "येस्स!" म्हणून किंचाळलेल्या असतात.

पहिल्या मॅचला नवऱ्याने विनवलं, "जरा थांबत जा ना. मला बघू तरी द्या."

"मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे," बाई म्हणाल्या. "मी कशासाठी थांबू?"

आता याला सवय झाली आहे. मलाही. शनिवारी अकरानंतर मी वरच्या मजल्यावर कपडे घड्या घालत असले तरी फोनच्या स्पीकरवरून मला आधी निकाल कळतो आणि मग खालून नवऱ्याचा आवाज येतो. मुलगी तर फोनपाशीच बसते, टीव्हीकडे बघतही नाही. म्हणते, "सीट आँटी इज फास्टर." मागच्या शनिवारी मॅच अगदी शेवटाला आली होती, आणि फोनमधून काहीच आवाज येईना. नवऱ्याने "हॅलो" म्हटलं. तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मुलीने लगेच ओळखलं. "ओ नो," ती म्हणाली, "शी इज बीइंग नाइस टू यू." आणि नवऱ्याने टीव्हीकडे न बघता सोफ्यावरची उशी तोंडावर घेतली.